जाजमऊच्या बोअरचे पाणी, क्रोमियम आणि घरगुती आरओ : आठ महिन्यांचा अनुभव

नोकरीनिमित्त आम्ही कानपूरला राहतो आणि आमचे घर जाजमऊच्या बाजूला, कातडी कमावणाऱ्या कारखान्यांच्या पट्ट्यात आहे. पिण्याचे पाणी इमारतीच्या बोअरचे. ते नितळ दिसते, त्याला वासही नाही, म्हणून पहिली दोन वर्षे आम्ही ते नुसते उकळून प्यायलो. पुढे प्रयोगशाळेत तपासून घेतले तेव्हा लिटरमागे ०.३२ मिलिग्रॅम क्रोमियम हा धातू निघाला. आयएस १०५०० या भारतीय मानकात मर्यादा ०.०५ आहे आणि तिच्यात सवलत नाही. उकळल्याने क्रोमियम जात नाही, उलट पाणी आटेल तेवढे ते दाट होते, हे तेव्हा समजले. मुलांना आपण हेच पाणी देत होतो, ही टोचणी अजून गेलेली नाही.

कमावणीत वापरले जाते ते क्रोमियम त्रिसंयुजी (Cr³⁺) असते आणि ते बहुतांशी मातीत अडकते. भूजलातून लांबवर पसरते ते षट्संयुजी (Cr⁶⁺), अधिक घातक क्रोमियम. कमावणीला लागणारे बेसिक क्रोम सल्फेट बनवणाऱ्या कारखान्यांच्या कचऱ्यातून ते झिरपते. कानपूर देहातमधील रानिया येथे या कचऱ्याचे ढीग वर्षानुवर्षे उघड्यावर पडून होते. हे क्रोमियम पाण्यात ऋणभारित क्रोमेटच्या रूपात असल्यामुळे पाण्याचा जडपणा घालवणाऱ्या, फक्त धनभारित कण पकडणाऱ्या सॉफ्टनरमधून ते सरळ निघून जाते. साध्या कार्बन फिल्टरवरही विसंबता येत नाही. ऋणभार पकडणारे रेझिन उपयोगी पडते; पण पाण्यात सल्फेट जास्त असेल तर ते लवकर भरते, म्हणून आम्ही आरओ, म्हणजे मेम्ब्रेन नावाच्या अतिसूक्ष्म पडद्यातून पाणी दाबाने गाळणारे यंत्र, घेतला.

बसवून महिना झाल्यावर मी दोन बाटल्या घेऊन पुन्हा प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या ताईंनी माझ्यासमोर दोन्ही नमुन्यांत आम्ल आणि डायफिनाइल कार्बाझाइड (षट्संयुजी क्रोमियम असेल तर जांभळट रंग देणारे रसायन) घातले. बोअरचे पाणी जांभळट झाले, हे अपेक्षितच होते. पण आरओच्या पाण्यालाही फिकट गुलाबी छटा आली आणि मोजल्यावर आकडा ०.०६ भरला. मेम्ब्रेन नवे कोरे होते. दोष निघाला तो टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरच्या स्क्रूचा. पाण्याला चव यावी म्हणून बसवणाऱ्याने तो स्क्रू उघडा ठेवला होता आणि त्या वाटेने बोअरचे थोडे पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून थेट टाकीत मिसळत होते. मीटरवर टीडीएस ८२० वरून १९० वर आलेला पाहून आम्ही निश्चिंत होतो. मात्र तो मीटर सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यात क्रोमियम किती हे सांगत नाही. स्क्रू पूर्ण आवळल्यावर टीडीएस ६० वर आला आणि पुढच्या तपासणीत क्रोमियम ०.०१ पेक्षा कमी निघाले. पाणी थोडे बेचव लागते, पण आठवड्याभरात सवय होते. सर्व्हिसला येणारा दर वेळी तो स्क्रू सैल करू पाहतो, म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

गाळाचा फिल्टर दोनदा बदलला, बाकी तक्रार नाही. मात्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर पडते आणि त्यात क्रोमियम मूळ पाण्यापेक्षाही दाट असते. पुण्याच्या घरी आई तिथल्या आरओमधून बाहेर पडणारे पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला घालते, तिथे ते चालते. इथे आम्ही ते फक्त संडासात वापरतो आणि त्या बादलीला मुलांना हात लावू देत नाही.