फेअर ट्रेड कॉफीची वेबसाइट: छापाची कॉफी की थेट बागेतली?

मालवण-तारकर्लीकडे होमस्टे चालवताय, पाहुण्यांना कॉफी आवडते आणि तीच आता 'न्याय्य व्यापाराची' म्हणून वेबसाइटवरून विकायची आहे. डिझाइन नंतर बघू. आधी माल कुठला, ते ठरवा, कारण साइटवर काय लिहिता येईल हे त्यावरच अवलंबून आहे.

फेअरट्रेडचा छाप, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव मिळावा म्हणून दिलं जाणारं प्रमाणपत्र. असा छाप असलेल्या कॉफीत शेतकऱ्याला पडत्या बाजारात आधार मिळतो. धुतलेल्या अरेबिकाचा (अरेबिका ही कॉफीची जात, धुतलेली म्हणजे फळाचा गर पाण्याने काढलेली) किमान भाव ऑगस्ट २०२३ मध्ये एका पौंड वजनाला (साधारण अर्धा किलो) १.८० डॉलर झाला, आधी १.४० होता. बाजार वर असेल तर बाजारभाव. शिवाय पौंडामागे २० सेंट शेतकऱ्यांच्या संस्थेला मिळतात आणि त्यांचं काय करायचं ते सभासद ठरवतात. गिऱ्हाइकाला एवढं सांगितलं तरी पुरतं. गोम अशी की छापाला परवाना लागतो. गोणी फोडून स्वतःच्या पिशव्या भरल्यात तर छाप लावता येत नाही. साइटवर मिरवायलाही परवानगी हवी. म्हणजे दुसऱ्याची सीलबंद पाकिटं विकायची, त्यात तुमच्या हाती फारसं उरत नाही.

थेट खरेदीत नाव तुमचं, सुटतात चांगले पैसे. पण मधला दलाल गेला म्हणजे व्यवहार न्याय्य झाला, असं नाही. कर्नाटकातल्या चिकमगळूर-कुर्गच्या मोठ्या इस्टेटीत फळं तोडतात मजूर. मालकाला दिलेला भाव त्यांच्यापर्यंत पोचेलच असं नाही. छाप देणाऱ्या फेअरट्रेड इंटरनॅशनलची व्यवस्था कॉफीत म्हणूनच छोट्या शेतकऱ्यांच्या संस्थांपुरती आहे. आंध्रातल्या अराकूकडे स्वतःची छोटी बाग असलेले आदिवासी शेतकरी बरेच आहेत, तिथल्या सहकारी संस्थेशी बोलणं सोपं जाईल. आणि कुर्ग, चिकमगळूर, अराकूला २०१९ मध्ये जीआय (माल कुठल्या भागातला ते सांगणारं भौगोलिक मानांकन) मिळाला, तो न्यायाचा पुरावा म्हणून दाखवू नका. हापूसलाही जीआय आहे. वाशीत पेटीला काय भाव येतो ते बागायतदाराला विचारा!

माझा कल थेट खरेदीकडे, एका अटीवर: किलोला किती दिले, कोणाला, कुठल्या महिन्यात, हे पहिल्याच पानावर. समोरचा आकडा छापू देत नसेल तर सरळ छापाची पाकिटं घ्या.

साइटचं म्हणाल तर सुरुवातीला पूर्ण ऑनलाइन दुकान नको. पेमेंट गेटवे, साठ्याचा हिशोब, परत आलेली पार्सलं, हे सगळं सीझनमध्ये खोल्या सांभाळून कोण करणार? माहितीची दोन-तीन पानं, व्हॉट्सॲपवर ऑर्डर, यूपीआयने पैसे, पोस्टाने पार्सल. निव्वळ वजन, किंमत आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा नोंदणीचा) नंबर मात्र स्पष्ट दिसू दे. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं दर महिन्याला मागायला लागली की दुकानाचा विचार करा. फोटो हलके ठेवा, वाडीत रेंज कशी असते ते माहीत आहेच. किनाऱ्यावरच्या सूर्यास्तासमोर कॉफीचा कप, हा फोटो तर नकोच. बाग आहे घाटापलीकडे, लोकांना उगाच वाटायचं इथेच पिकते.

जून ते सप्टेंबर साइटवरून पूड काढून टाका. आपल्या दमट हवेत उघडलेल्या पुडीचा वास चार दिवसांत उडतो. भाजल्याची तारीख लिहून अख्ख्या बियाच पाठवा.