जळगावातला एअर रायफलचा हँड्स-ऑन क्लास : छर्रे, सिलिंडर, साफसफाई (आमचा अनुभव)

सरळ सांगते, पैसे वसूल. ज्यांच्या घरात १० मीटर एअर रायफल खेळणारं पोरगं किंवा पोरगी आहे आणि जे जळगाव, धुळे, नंदुरबारकडे राहतात त्यांनी हा क्लास परत लागला की लगेच नाव द्या. आपल्याकडे उभं कसं राहायचं, श्वास कसा धरायचा, ट्रिगर कसा दाबायचा हे शिकवणारे आता मिळतात पण रायफल उघडून पोरांच्या हातात देऊन "आता तू कर" म्हणणारं कोणीच नव्हतं. एखादी ओ-रिंग (हवा गळू नये म्हणून बसवलेलं रबरी कडं) गेली की पुण्याला जाणारं कोणी आहे का बघा, रायफल तिकडे दुरुस्तीला चार दिवस पडून राहणार, तोवर पोरगी दुसऱ्याच्या रायफलवर प्रॅक्टिस करणार आणि तिचा सगळा बॅलन्स बिघडणार, हे आमच्याकडे नेहमीचं झालं होतं.

म्हणून आम्ही काही पालकच रेंजवाल्यांच्या मागे लागलो की एक दिवसाचा क्लास घ्या, फक्त हाताने करायच्या गोष्टींचा, भाषण नको. रेंजचं नाव इथे टाकत नाही कारण पुढची तारीख अजून ठरलेली नाही आणि उगाच त्यांना फोन सुरू होतील, जळगावात नेमबाजीवाल्या कोणालाही विचारलं तर कळेल. शिकवणारे सर फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, होते, रिटायर होऊन इकडेच स्थायिक झालेत. बोलणं कमी, हात जास्त. फी माणशी बाराशे, त्यात छर्रे, टार्गेट कार्ड आणि जेवण.

क्लासचा मेसेज ग्रुपवर फिरला तेव्हा बऱ्याच जणांचा गैरसमज झाला की काडतुसं भरायला शिकवणार आहेत. त्याला कारणही आहे, आपल्या इथे वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, तिथे लष्कराची रायफलीची काडतुसं बनतात (२०२१ पासून ती म्युनिशन्स इंडियाकडे आहे), भुसावळ-वरणगाव पट्ट्यात घराघरात कोणी ना कोणी तिथे कामाला होतं किंवा आहे, त्यामुळे हा विषय लोकांना परका नाही. सरांनी सकाळी पहिल्यांदा हेच क्लिअर केलं आणि मला ते फार आवडलं. बाहेरच्या देशांत लोक छंद म्हणून वापरलेल्या काडतुसाच्या केसमध्ये (बाहेरच्या रिकाम्या नळीत) नवा प्रायमर (पिन लागली की पेटणारा मसाला), पावडर, बुलेट बसवून परत काडतूस तयार करतात, त्याचे तिकडे क्लासही होतात. आपल्याकडे १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ प्रमाणे लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे आणि शिक्षा कडक आहे, त्यामुळे घरी करून बघू वगैरे विषयच नाही. आणि दुसरं, ५० मीटरला जी पॉइंट टू टू ची गोळी वापरतात ती रिमफायर, म्हणजे तिचा प्रायमरचा मसाला केसच्या खालच्या कडेतच भरलेला असतो, पिन लागली की ती कडाच चेपते, ती परत भरण्यासारखी नसतेच. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं ते ह्याच गोळीवर. सर म्हणाले बारकाईने आपला दारूगोळा तपासायची हौस असेल तर एअर रायफलचा छर्रा घ्या, तिथे सगळं कायद्यात बसतं आणि शिकायला भरपूर आहे. ४.५ मिमी बोअर (बॅरलच्या भोकाचा व्यास) आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर लायसन्स लागत नाही, मॅच रायफल साधारण ८ ज्यूलच्या आसपास असते.

आता खरा माल. पहिला भाग छर्रे वजन करायचा. काटा कुठून आणला तर सराफ बाजारातून, एका पालकांचं सोन्याचं दुकान आहे त्यांनी त्यांचा मिलिग्रॅम दाखवणारा काचेच्या पेटीतला काटा दिवसभरासाठी दिला. जळगावात सराफाचा काटा मिळणं म्हणजे काही अवघड नाही, पण हे कोणाच्या तरी डोक्यात आलं हे महत्त्वाचं. काटा लावल्यावर पहिली गोष्ट म्हणजे पंखे बंद. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर जळगावात पंखे बंद म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. पण पंखा सुरू असला की काट्याचा शेवटचा आकडा नाचतच राहतो, हे पोरांनी स्वतः बघितलं, पंखा लावा, बंद करा, परत लावा. मग चिमट्याने एक एक छर्रा उचलून ताटलीत ठेवायचा, आकडा थांबू द्यायचा, लिहायचा, अंडी ठेवायच्या ट्रेसारख्या खाचांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये लावायचा. रायफलचा मॅच छर्रा साधारण ०.५३ ग्रॅम. आमच्या टेबलवर स्वस्त डबीतले ०.५१ पासून ०.५५ पर्यंत पसरलेले निघाले आणि महागड्या डबीतले जवळजवळ सगळे दोन-तीन मिलिग्रॅमच्या आत.

वजनाआधी डोळ्याने तपासणी, ती मला जास्त कामाची वाटली. छर्रा उलटा धरून मागची पोकळ बाजू, म्हणजे स्कर्ट, दिव्याकडे करून बघायचा, कडा गोल आहे का चेपलीये, आत शिशाचा कीस अडकलाय का. शिसं इतकं मऊ असतं की डबी एकदा हातातून पडली की त्यातले कितीतरी छर्रे गेलेच समजा. माझ्या शेजारी अमळनेरचा एक आठवी-नववीतला मुलगा होता, त्याने एक छर्रा उचलून "सर, हाई काय शे?" म्हणून दाखवला तर स्कर्टला केसाएवढी चीर होती. सरांनी तो फेकला नाही, सगळ्या टेबलांवर फिरवला.

आणि मग सरांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना मानलं. एवढा वेळ वजन करून घेतल्यावर त्यांनीच त्यातले हलके आणि जड मिसळून एक ग्रुप (एकाच ठिकाणी नेम धरून मारलेले शॉट) मारायला लावला आणि एकसारख्या वजनाच्या छऱ्यांचा दुसरा, आणि कार्डवर फरक अगदी थोडा होता. म्हणाले १० मीटरवर वजनाने जग बदलत नाही, वजन करायचं ते खराब नग शोधायला, खरा फरक पडतो तो तुमच्या बॅरलला कुठला हेड साइज (छर्‍याच्या डोक्याचा व्यास) आणि कुठला लॉट (कंपनीने एका वेळी बनवलेला माल) मानवतो त्याने. दुसरा कोणी असता तर काट्याच्या जोरावर अजून दोन तास आणि अजून एक कोर्स विकला असता.

तो हेड साइजचा भाग दुपारी. रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवायची, ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी असे एकाच कंपनीचे तीन साइज, प्रत्येकाचे दहा दहा शॉट वेगळ्या कार्डवर, पोरीने नुसता ट्रिगर दाबायचा. पाच शॉटवर निकाल लावायचा नाही, नशिबाने पाच जवळ पडू शकतात, दहा बघा असं त्यांचं ठाम म्हणणं. मग व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजायच्या आणि त्यातून ४.५ वजा करायचे म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळतं. आमच्या रायफलला ४.५० चांगला बसला, ४.५१ ला एक-दोन शॉट उगाच बाहेर पळत होते. गंमत म्हणजे चोपड्याच्या एका मुलीची रायफल सेम मॉडेल, तिला ४.४९ मानवला. म्हणजे कोणी सांगितलं म्हणून डबी घ्यायची नाही हे डोळ्यासमोर सिद्ध झालं. आपण विचार करतो एक-दीड मिमीने काय होतं, पण एअर रायफलच्या टार्गेटवर १० चा ठिपकाच अर्धा मिमीचा आणि डेसिमल स्कोअरमध्ये, म्हणजे मार्क दशांशात धरतात तिथे, प्रत्येक ०.१ म्हणजे पाव मिमी. ६० शॉटच्या मॅचमध्ये ६५४ पैकी मार्क असतात, तिथे पॉइंट पॉइंटने पोरं सिलेक्शनमधून बाहेर जातात, मेहनत पोरांची आणि मार्क खाल्ले डबीने असं व्हायला नको हो.

सिलिंडरचा भाग प्रत्येक पालकाने ऐकायलाच पाहिजे, मी तर म्हणते पोरांपेक्षा पालकांनी जास्त. आपल्या रायफलच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा असते, गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते त्यावरून अंदाज करा. भरताना हळू भरायचं, घाईने भरलं की गरम होतं आणि थंड झाल्यावर प्रेशर खाली येतं, मग पोरं परत भरतात. फक्त कोरडी स्वच्छ हवा, ऑक्सिजन कधीच नाही, दवाखान्याचा सिलिंडर मिळतोय म्हणून जुगाड करायचा नाही, दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीस-तेल एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो. आणि आपल्या भागासाठी खास, मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, उन्हात बंद उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. सरांनी फळ्यावर गणित मांडलं, २५ डिग्रीला २०० बार भरलेला सिलिंडर ६० डिग्रीला गेला की २२३ बारच्या पुढे. म्हणून भरलेला सिलिंडर डिकीत ठेवून लग्नाला जेवायला जायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या सिलिंडरवरची तारीख शोधून वाचून दाखवायची होती, बऱ्याच कंपन्यांचे सिलिंडर दहा वर्षांचे असतात. दोघांची मुदत संपलेली निघाली, सेकंडहँड रायफल घेतलेली, विकणाऱ्याने काही सांगितलेलं नाही. ते दोन्ही सिलिंडर तिथेच हळूहळू रिकामे करून बाजूला ठेवले.

साफसफाईचं थोडक्यात लिहिते. फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या लोडिंगच्या बाजूने घालायच्या, बॅरलमध्ये तेल ओतायचं नाही, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. ज्यांच्याकडे साधी स्प्रिंगवाली एअर गन आहे त्यांनी नुसती फेल्टची गोळी घालून उडवायची नाही, पुढे पुरेसा अडथळा नसला की पिस्टन जोरात आपटतो. ओ-रिंग बदलणं प्रत्येकाने स्वतः केलं, माझ्यासारख्या घरातला मिक्सर पण न उघडणाऱ्या बाईनेसुद्धा.

सेफ्टीत एक इंच सूट नव्हती. बॅरलमधून सेफ्टी लाइन (रायफल रिकामी आहे हे दाखवणारी आरपार घातलेली दोरी) बाहेर दिसत नसेल तर रायफलला कोणी हात लावायचा नाही, तोंड कायम टार्गेटकडे, एक पोरगा बोलता बोलता वळला तर त्याला त्या राउंडला बाहेर बसवलं, त्याचे वडील समोर होते तरी. शिशाबद्दल पण कडक, छर्रे ओठात धरायचे नाहीत (पोरं धरतात, मी बघितलंय), टेबलवर खाणंपिणं नाही, जेवायच्या आधी साबणाने हात. आणि एअर गन म्हणजे पाखरं मारायचं खेळणं नाही हे त्यांनी यावल आणि सातपुड्याकडच्या पोरांना उभं करून सांगितलं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती शिकारच धरतात. आपल्याकडे होले-तितर मारायची जुनी खोड आहे, हे कोणीतरी एवढं स्पष्ट बोलणं गरजेचं होतं.

आता कमी काय पडलं ते. माणसं जास्त घेतली. काटा एक आणि व्हर्नियर दोन, त्यामुळे वजनाच्या वेळी मागच्या टेबलवरची पोरं अर्धा तास नुसती बसून होती, जागा निम्म्या ठेवा नाहीतर सराफांकडून अजून एक काटा मागून आणा, देतील ते. छापील कागद सगळा इंग्रजीत होता, सर बोलत होते छान मराठीत पण घरी गेल्यावर गावाकडच्या पोराने आणि त्याच्या आईने ते वाचायचं कसं, ह्याची मराठी प्रत पाहिजेच पाहिजे आणि मी स्वतः लिहून द्यायला तयार आहे असं सांगून आलेय. मुलींसाठी बाथरूमची सोय शेजारच्या इमारतीत होती, ते चालणार नाही. सुरुवात पण तासभर उशिरा झाली कारण सिलिंडरमध्ये हवा भरायच्या हँडपंपाचा पाइप घरी राहिला होता. जेवण मात्र एक नंबर, कळण्याची भाकर, भरीत, ठेचा, शहादा-नंदुरबारकडून आलेल्यांना डबा आणायची गरज पडली नाही.

पाचपैकी चार स्टार, तो एक गर्दीचा आणि बाथरूमचा कापला. रेंजवाल्यांना आणि बाकी पालकांना कळकळीने सांगते, हा क्लास नुसता जळगावात ठेवू नका. शिरपूर, नंदुरबार, चाळीसगावला शाळेचा एक हॉल, दहा मीटर मोकळी जागा, मागे भक्कम भिंत आणि छर्रे अडवायचा ट्रॅप, आत येण्याजाण्याचं एकच दार आणि त्यावर एक जबाबदार माणूस, एवढं असलं तर तिथेही घेता येईल, सर यायला तयार आहेत. धुळ्याच्या दोन पालकांनी हॉल बघायला सुरुवात केली आहे. तिथे येणाऱ्यांनी स्वतःची रायफल, सिलिंडरचा कागद, सध्या वापरताय ती छऱ्याची डबी (झाकण आणि लॉट नंबरचं लेबल फाडू नका) आणि एक जुना सुती रुमाल आणायचा. बारा वर्षांखालच्या पोराबरोबर आई किंवा बाप पूर्ण वेळ बसलाच पाहिजे, सोडून जाता येणार नाही.