'१०५० टीआय' म्हणून खपवलेलं २०१० सालचं ग्राफिक्स कार्ड

रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). घरी जोडलेला, नीट चालणारा पीसी. त्यातलं जुनं जीटी ७१० काढून जागी सेकंडहँड 'जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी' बसवलं गेलं. किंमत साडेपाच हजार, सोबत सात दिवसांची चेकिंग वॉरंटी. ते सातही दिवस एसएमपीएस, रॅम आणि विंडोज यांच्यावर संशय घेण्यात गेले. आठव्या दिवशी कार्डाचा कूलर उघडला, तर खाली जीटीएस ४५० ची चिप निघाली. खरेदीदाराच्या परवानगीने हे सगळं इथे मांडतो आहोत. असली कार्डं आजही सर्रास विकली जातात, आणि विकणारे सल्ले देण्यात पटाईत असतात.

कार्ड बसवल्यावर पहिल्यांदा डिस्प्लेच आला नाही. बोर्डावरचा व्हीजीएचा छोटा लाल दिवा लागून राहिला. विक्रेत्याचं म्हणणं, "भाऊ, बायॉसमध्ये सीएसएम ऑन करा, बऱ्याच बोर्डांना लागतं." केलं (सीएसएम म्हणजे जुन्या पद्धतीच्या हार्डवेअरसाठी बायॉसमधली सोय), आणि डिस्प्ले आला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बरोबर, मेमरी ४ जीबी, व्हिडिओ छान, जुने हलके गेमही चालले. नवा गेम मात्र मेनूपर्यंत यायचा, लेव्हल लोड होताना स्क्रीन काळी पडायची, कधी रंगीत चौकोन दिसायचे, आणि पाच-दहा सेकंदांनी डेस्कटॉप परत. मग एकामागून एक सल्ले आले. "४५० वॅटवर कसं चालेल भाऊ, ५५० चा घ्या." "रॅमचे स्लॉट बदलून बघा." "विंडोज नव्याने मारा." यातला एकही सल्ला वेडगळ नाही, खऱ्या बिघाडात आम्हीही हेच सांगतो. फसवणूक नेमकी इथेच आहे: दरेक सल्ल्यात एक-दोन दिवस जातात आणि वॉरंटी सातच दिवसांची असते. नव्या एसएमपीएसचे पैसे गेले ते वेगळेच.

एसएमपीएसची शंका कागदावर दोन मिनिटांत मिटली असती. रायझन ५ ३६०० पूर्ण भारावर साधारण ८८ वॅट घेतो, खरं १०५० टीआय ७५ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरूनही आकडा २५० च्या आत राहतो. बऱ्यापैकी ४५० वॅटचा एसएमपीएस त्याला पुरून उरतो. दुसरी खूण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत असते. एसएमपीएस दगा देतो तेव्हा मशीन एकदम बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं, आणि सिस्टिम लॉगमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' एवढीच नोंद सापडते. (पॉवर बटण दाबून बंद केलं तरी ही नोंद होते, ते लक्षात ठेवून वाचावं.) इथे मशीन चालूच राहत होतं आणि लॉगमध्ये 'डिस्प्ले' या नावाखाली ४१०१ क्रमांकाच्या नोंदींची रांग होती. म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं आणि विंडोजने तो पुन्हा सुरू केला. कधीकधी हाच प्रकार ०x११६ क्रमांकाची निळी स्क्रीन होऊन समोर येतो. अशा वेळी आधी कार्डाकडे बघायचं.

आता हे कार्ड बनतं कसं ते. जीटीएस ४५० हे २०१० चं, एनव्हिडियाच्या फर्मी पिढीचं कार्ड. त्यात १९२ कोअर, १ जीबी मेमरी. १०५० टीआय २०१६ चं, पास्कल पिढीचं, ७६८ कोअर आणि ४ जीबी. भंगारातलं जुनं कार्ड घेऊन त्याच्या बायॉस चिपवरचा मजकूर बदलतात, नवं प्लास्टिक आवरण आणि स्टिकर लावतात, सोबत सीडी किंवा पेनड्राइव्हवर फेरफार केलेला ड्रायव्हर देतात. '४ जीबी' हा त्या बायॉसमध्ये लिहिलेला निव्वळ आकडा असतो. गेम तो आकडा खरा मानून टेक्स्चर भरत जातो. १ जीबी ओलांडली की पुढे मेमरी अस्तित्वातच नसते, आणि काळी स्क्रीन येते. हलके गेम चालतात ते त्यांची गरज १ जीबीच्या आत भागते म्हणून.

सीएसएमचा किस्साही यातलाच. फर्मी काळातल्या कार्डांच्या बायॉसमध्ये सहसा यूईएफआयचा (नव्या पद्धतीच्या बायॉसचा) भाग नसतो, त्यामुळे सीएसएम बंद असलेल्या बोर्डावर ती चित्रच दाखवत नाहीत. खऱ्या १०५० टीआयला सीएसएमची गरज नाही. विक्रेत्याने आपणहून सीएसएम चालू करायला सांगितलं, तिथेच पाणी मुरतंय हे ओळखायला हवं होतं.

विकत घेण्याआधी, समोरच्याच्या मशीनवर आणि काहीही डाउनलोड न करता करता येईल अशी एक तपासणी आहे. विंडोज आणि आर दाबून 'डीएक्सडायग' टाइप करा, डिस्प्लेच्या टॅबवर 'फीचर लेव्हल्स' ही ओळ बघा. १०५० टीआयवर यादी १२_१ पासून सुरू होते. फर्मीवर सगळ्यात वरचा आकडा ११_० असतो. त्याच खिडकीतल्या नावावर आणि मेमरीच्या आकड्यावर विश्वास नको, फेरफार झालेला असतो तो तिथेच. दुसरं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. खऱ्या १०५० टीआयला १०डीई च्या पुढे १सी८२ दिसतं, जीटीएस ४५० ला ०डीसी४. हा क्रमांक बदलणं नाव बदलण्याइतकं सोपं नसतं, तरी एकट्या त्याच्यावर निकाल देऊ नका.

जीपीयू-झेड (कार्डाची सगळी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) मात्र आपल्या पेनड्राइव्हवर नेलेलंच वापरा. २०१८ मध्ये आलेल्या २.१२.० या आवृत्तीपासून ते बनावट एनव्हिडिया कार्ड ओळखून नावाआधी 'फेक' असा शब्द दाखवतं. म्हणूनच काही विक्रेते त्याआधीची आवृत्ती उघडून दाखवतात, नाहीतर भलत्याच कार्डाचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॅपवर पाठवतात. आवृत्तीचा क्रमांक खिडकीच्या माथ्यावरच असतो. आत बघायचं ते असं: चिप जीपी१०७, प्रक्रिया १४ नॅनोमीटर, शेडर (म्हणजे वर सांगितलेले कोअर) ७६८, बँडविड्थ ११२ जीबी प्रतिसेकंदाच्या आसपास, यूईएफआयच्या चौकोनात टिक. ४० नॅनोमीटर किंवा १९२ शेडर दिसले तर बोलणंच खुंटलं.

ड्रायव्हरची कसोटी सगळ्यात कडक. फर्मीसाठीचा शेवटचा ड्रायव्हर ३९१.३५. पास्कलला ५८० मालिकेपर्यंत ड्रायव्हर आहेत. म्हणून एनव्हिडियाच्या साइटवरून उतरवलेला, ४०० च्या पुढचा आणि ५८० मालिकेपर्यंतचा कुठलाही ड्रायव्हर घ्यावा, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर मुळापासून काढावा आणि हा टाकावा. बनावट कार्डावर एक तर इन्स्टॉलर 'सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही' म्हणतो, नाहीतर इन्स्टॉल होऊन डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ येतो किंवा निळी स्क्रीन. "सोबतचाच ड्रायव्हर टाका, साइटवरचा नको" असं कोणी म्हणालं की पाकीट खिशात ठेवावं.

बाहेरून बघून काय कळतं? पोर्ट. पास्कल चिपमध्ये अॅनालॉग आउटपुट नाहीच. तेव्हा १०५० टीआयवर निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर वेगळी कन्व्हर्टर चिप असल्याखेरीज ते शक्य नाही. डीव्हीआय पोर्ट असेल तर आडव्या पट्टीच्या वर-खाली चार भोकं आहेत का बघा. असतील तर तो अॅनालॉग धरून असलेला डीव्हीआय-आय, म्हणजे जुना. ६ पिनच्या पॉवर कनेक्टरवरून मात्र निष्कर्ष काढू नका. १०५० टीआयला तो लागत नाही असं सगळे सांगतात, पण काही खऱ्या मॉडेलांवर तो असतो.

शेवटचा पुरावा कूलरखाली. हे काम कार्ड आपलं झाल्यावरच, आणि वॉरंटी जाऊ शकते हे धरून. कार्ड पाच-दहा मिनिटं चालवून गरम करा म्हणजे वाळलेली पेस्ट सैल होते. मग मशीन बंद करून, वायर काढून, मागचे चार स्प्रिंगचे स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे सोडवा. कूलर सरळ ओढू नका, किंचित फिरवून सोडवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिप पुसली की अक्षरं वाचता येतात. १०५० टीआयवर जीपी१०७-४००, आणि या कार्डावर होतं जीएफ१०६-२५०. मेमरीचाही हिशोब तिथेच लागतो. खऱ्या कार्डावर ८ गिगाबिटच्या चार चिपा असतात, चार आठे बत्तीस गिगाबिट, म्हणजे ४ जीबी. सॅमसंगच्या चिपवर के४जी नंतरचे दोन आकडे क्षमता सांगतात: ८० म्हणजे ८ गिगाबिट, २० म्हणजे २, १० म्हणजे १. इथे १० लिहिलेल्या आठ चिपा होत्या. झाली १ जीबी.

कूलर परत बसवताना थर्मल पॅड फाटला असेल तर त्याच जाडीचा घाला. जाड पॅड टाकला तर कूलर चिपला नीट टेकत नाही आणि तापमान चढतं.

रॅडिऑनच्या बाजूला चलाखी निराळी आहे. 'आरएक्स ५८०' नावाने मिळणाऱ्या स्वस्त कार्डांत बरीचशी 'आरएक्स ५८० २०४८एसपी' असतात. हे बनावट नाही. एएमडीनेच २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी काढलेलं कार्ड आहे. पण मूळ ५८० मध्ये २३०४ शेडर, यात २०४८, म्हणजे घडण ५७० ची. जाहिरातीत शेवटचं '२०४८एसपी' गाळलं जातं, किंमत मात्र पूर्ण ५८० ची मागतात. जीपीयू-झेडमध्ये शेडरचा आकडा बघितला की वाद संपतो. ५७० च्या भावात मिळालं तर घ्यायला हरकत नाही.

मायनिंगमधून आलेली कार्डं ही तिसरी तऱ्हा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग संपलं आणि ती कार्डं बाजारात ओतली गेली. मायनिंग झालं म्हणून कार्ड वाईटच असं आम्ही मानत नाही. पंख्याचे बेअरिंग आणि पॅड आधी जातात, ते बदलता येतात. अडचण असते बदललेल्या बायॉसची. पोलारिस (एएमडीच्या आरएक्स ४००-५०० पिढीच्या) कार्डांत मेमरीचे टायमिंग ताणून बसवलेले असतात, मायनिंगला ते चालतं, गेममध्ये ठिपके पडतात. शिवाय बदललेल्या बायॉसची सही जुळत नाही म्हणून ताज्या विंडोजवर एएमडीचा ड्रायव्हर सुरूच होत नाही. विक्रेत्याच्या मशीनवर मात्र सहीची तपासणी टाळणारा पॅच मारून ठेवलेला असतो, तिथे सगळं उत्तम. "माझ्याकडे तर चालत होतं" हे वाक्य अशा वेळी अक्षरशः खरं असतं. मूळ बायॉस परत टाकला की कार्ड बहुधा सुधारतं. दोन बायॉसचं बटण असलेल्या कार्डावर आधी ते बटण सरकवून बघा.

चिपच्या कडेला पिवळसर चिकट फ्लक्स (सोल्डरिंगला वापरतात तो) दिसला तर कार्ड हॉट एअरने तापवून तात्पुरतं जिवंत केलेलं आहे असं धरा. ते चार दिवस चालतं, कधी चार आठवडे. यासाठी ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) टेस्ट अर्धा तास आणि फरमार्क ही ताण-चाचणी पंधरा मिनिटं चालवा. व्हीरॅममध्ये एक जरी एरर आली तरी सौदा सोडा. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात समोर बसून एवढं करू देणारे दुकानदार आहेत. जो म्हणतो "टाइम नाही, माल टेस्टेड आहे", त्याच्याकडून उठावं.

पार्सलने मागवलं असेल तर पॅकेट न कापता व्हिडिओ सुरू करा. लेबल, पॅकेटच्या सगळ्या बाजू, कार्डावरचा सिरियल नंबर आणि पहिल्यांदा उघडलेलं जीपीयू-झेड, एकाच सलग चित्रीकरणात. 'टोकन' म्हणून आधी पैसे पाठवू नका, आणि पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही.

पैसे गेले असतील आणि विक्रेता गायब असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. दुकानातून बिलावर घेतलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. खासगी माणसाकडून घेतलेल्या सेकंडहँड वस्तूला ग्राहक कायदा लागू पडत नाही, तिथे भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली पोलिसांकडेच जावं लागतं. या कार्डाच्या बाबतीत बिल नव्हतं, चॅट होता. त्यात विक्रेत्याने '१०५० टीआय ४ जीबी ओरिजिनल' असं लिहिलेलं होतं, तोच कामाला आला.

तक्रार मिटेपर्यंत कार्डावर दुसरा बायॉस टाकू नका. बदललेला बायॉस हाच पुरावा आहे. जीपीयू-झेडमधून त्याची प्रत काढून ठेवा, चिपवरच्या अक्षरांचे फोटो घ्या. पुढे मूळ बायॉस आणि ३९१.३५ ड्रायव्हर टाकून हे कार्ड एखाद्या जुन्या मशीनला डिस्प्लेपुरतं वापरता येतं. विकायचं झालं तर जीटीएस ४५०, १ जीबी असं लिहून.