वापरानंतरचा अनुभव: सरपणाच्या धंद्यासाठी लाकूड फोडण्याचे यंत्र, बँडसॉ आणि फोनवरची जाहिरात

आमचा सरपणाचा धंदा गुहागर तालुक्यात, शृंगारतळी आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. जुन्या हापूसच्या बागांची पावसाळा सरल्यावर जी छाटणी होते तिच्या फांद्या, वठलेली काजूची झाडे, सुरूची झाडे आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ हा आमचा कच्चा माल. वेळणेश्वर-हेदवीकडचे होमस्टे, लग्नकार्याचे आचारी, बेकरीवाले आणि न्हाणीघरात अजूनही बंब पेटवणारी घरे ही आमची गिऱ्हाइके. मी आणि माझे धाकटे दीर मिळून हा व्याप सांभाळतो. एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा यंत्रे वापरून झाल्यावर, आणि तेवढाच काळ फोनवरून जाहिरात करून पाहिल्यावर, हे लिहीत आहे. आमचे मत आधीच सांगते: सरपणाच्या धंद्यात पहिला पैसा लाकूड फोडण्याच्या यंत्रात घालावा, दुसरा मॉइश्चर मीटरमध्ये, म्हणजे लाकडातली ओल मोजणाऱ्या उपकरणात, आणि बँडसॉ, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या पात्याची करवत, सगळ्यांत शेवटी घ्यावा. जाहिरातीचे म्हणाल, तर त्या छोट्याशा मीटरइतकी जाहिरात आमच्यासाठी दुसऱ्या कशानेच केली नाही.

यामागचे कारण लाकडातल्या पाण्यात आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. असे लाकूड चुलीत घातले की बरीचशी उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते, धूर होतो आणि भांडी काळवंडतात. पाण्याचे प्रमाण एकूण वजनाच्या 20 टक्क्यांवर आले की एका किलोतून सुमारे 4 युनिट विजेइतकी उष्णता मिळते. 50 टक्के ओल असेल तर त्याच्या जेमतेम निम्मी. झाडाची साल हे पाणी आत धरून ठेवते, त्यामुळे अख्खा ओंडका महिनोन् महिने उन्हात पडून राहिला तरी गाभ्यात ओलाच राहतो. तो फोडून चिरफळ्या केल्या की मगच वाळायला लागतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि लाकूड खऱ्या अर्थाने वाळवता येते ते नोव्हेंबर ते मे एवढ्याच काळात. या सहा-सात महिन्यांत जेवढे लाकूड फोडून रचून होईल तेवढाच माल पावसाळ्यात विकता येतो, आणि म्हणून आमच्या धंद्याची सगळी मदार फोडण्याच्या वेगावर आहे.

फोडण्याची यंत्रे दोन प्रकारची मिळतात. एकात मोटरवर फिरणारा टोकदार, आटे पाडलेला शंकू असतो. त्यावर ओंडका टेकवला की तो आत शिरत जाऊन लाकूड दुभंगतो. हे यंत्र स्वस्त आहे आणि वेगवानही आहे, पण फिरता शंकू उघडा असतो. साडीचा पदर, ओढणी, हातमोजा, काहीही त्यात ओढले जाऊ शकते, आणि वेडावाकडा ओंडका शंकूत अडकून स्वतःच गरगरा फिरू लागतो. आमच्याकडे लाकूड रचायला बायका येतात, त्यामुळे तो प्रकार आम्ही विचारातच घेतला नाही. दुसरा प्रकार हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने दट्ट्या पुढे सरकवून ओंडका पाचरीवर रेटणारा. आम्ही आडव्या बांधणीचा, एक फेज 3 हॉर्सपॉवरच्या मोटरचा घेतला. तो चालवायला दोन्ही हात दोन वेगळ्या दांड्यांवर ठेवावे लागतात. एक हात सुटला की दट्ट्या थांबतो. ही सोय नसलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

घेताना विक्रेता तीन आकडे सांगतो: किती टन जोर, किती सेकंदांत एक धाव, आणि किती हॉर्सपॉवर. हे तिन्ही एकमेकांशी जुळतात का, हे घरी कागदावर मांडून पाहता येते, आणि प्रत्येकाने ते पाहावेच. सिलिंडरचा आतला व्यास 100 मिलिमीटर असेल तर दट्ट्याचे क्षेत्रफळ साधारण 78.5 चौरस सेंटिमीटर भरते. तेलाचा दाब 200 बार धरला तर जोर सुमारे 16 टन होतो. दट्ट्याची धाव 50 सेंटिमीटर असेल तर एका धावेला जवळपास 4 लिटर तेल लागते. आता 3 हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे 2.2 किलोवॅट, आणि एवढ्या ताकदीची मोटर 200 बार दाबावर मिनिटाला साडेसहा लिटरच्या आसपासच तेल ढकलू शकते, तेही घर्षण आणि गळती हिशेबात न धरता. म्हणजे पूर्ण जोर लावून पूर्ण धाव घ्यायची तर 36 सेकंद लागणार. कोणी 3 हॉर्सपॉवरवर 16 टन आणि 10 सेकंद असे एका दमात सांगितले, तर पंप दोन टप्प्यांचा आहे का, हा पुढचा प्रश्न विचारावा. दोन टप्प्यांच्या पंपात दट्ट्या रिकामा असताना कमी दाबाने भरभर सरकतो आणि लाकडाला टेकून अडला की आपोआप सावकाश, पण पूर्ण जोराने रेटतो. बहुतेक ओंडके पाचर चार बोटे आत शिरताच तडकतात, त्यामुळे पूर्ण जोर क्षणभरच लागतो आणि प्रत्यक्षात काम पुष्कळ लवकर उरकते. आमचे यंत्र असेच आहे आणि या एका गोष्टीमुळे मी त्याला पूर्ण गुण देते.

कोणते लाकूड कसे फुटते, हे वापरल्यावरच कळले. आंब्याची सरळ फांदी ओली असतानाच फोडावी, ती सहज दुभंगते. मात्र जिथून दुसरी फांदी फुटलेली असते तिथली गाठ यंत्रालाही दाद देत नाही, आणि अशा गाठी आम्ही बाजूला काढून बेकरीच्या भट्टीसाठी अख्ख्याच ठेवतो. सुरू वाळला की दगडासारखा होतो, म्हणून तो तोडल्याबरोबर फोडणे शहाणपणाचे. त्याची आच मात्र उत्तम, आणि आचाऱ्यांची पहिली मागणी त्यालाच असते. आंब्याच्या वाळत्या लाकडाला भुंगा लवकर लागतो, त्यामुळे तो माल आधी विकावा आणि बाभूळ व सुरू पावसाळ्यासाठी राखावे. मे महिन्याच्या कडक उन्हात सलग काम केले की तेल तापते आणि जोर मंदावल्यासारखा वाटतो. आम्ही दुपारी यंत्र बंद ठेवतो आणि तेल 68 क्रमांकाच्या घट्टपणाचे वापरतो.

विजेविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण वाडीतल्या बऱ्याच घरांना एकच फेज आहे. 3 हॉर्सपॉवरची एक फेज मोटर पूर्ण भारावर 15-16 अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. घरापासून मांगरापर्यंत, म्हणजे बागेतल्या शेडपर्यंत, बारीक वायर ओढली तर मोटर गुरगुरते, तापते आणि शेवटी जळते. आम्ही मीटरपासून मांगरापर्यंत 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर टाकून घेतली आणि संध्याकाळी, म्हणजे गावभर दिवे लागतात तेव्हा, यंत्र चालवत नाही. आणखी एक गोष्ट अत्यावश्यक आहे: वीज गेली की स्वतःहून बंद स्थितीत येणारा आणि वीज परत आल्यावर पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्विच. पावसाळ्यात दिवसातून किती वेळा वीज जाते-येते हे इथे कोणाला सांगायला नको. गोल करवतीत ओंडका अर्धवट चिरलेला असताना वीज गेली, माणूस तो सोडवायला वाकला आणि तेवढ्यात करवत पुन्हा फिरू लागली, तर काय होईल याचा विचार करावा आणि हा स्विच नसलेले कुठलेही यंत्र आवारात आणू नये.

बँडसॉ आम्ही सरपणासाठी घेतला नाही. फणसाचे आणि आंब्याचे काही सरळ, जाड तुकडे चुलीत घालायला जीव होत नाही. त्यांचे पोळपाट, बसायचे पाट आणि विळीचे पाट करता येतात, आणि त्यासाठी दीरांनी मध्यम आकाराचा, 18 इंची चाकांचा बँडसॉ निवडला. गोल करवतीपेक्षा त्याचे पाते पातळ असल्याने लाकडाचा भुसा कमी होतो आणि पाते लाकूड मेजावर खाली दाबून धरत असल्याने तुकडा उलटून अंगावर येण्याची भीतीही कमी. पाटासाठी जाड लाकूड उभे चिरायचे तर पाते रुंद आणि इंचाला तीनच दात असलेले असावे. बारीक दातांच्या पात्यात ओला भुसा अडकून पाते तापते आणि वाकडे धावते. फणसाचा चीक पात्याला चिकटतो, तो रॉकेलच्या फडक्याने वरचेवर पुसावा लागतो. काम संपल्यावर पात्याचा ताण सैल करायला विसरू नये, नाहीतर चाकांवरचे रबर दबते. इथल्या खाऱ्या हवेत बिडाच्या मेजावर चार दिवसांत तांबेरा चढतो. मेज कोरडे करून त्यावर मेण घासून ठेवल्यापासून तो त्रास जवळपास गेला आहे. यंत्र चांगले आहे, पण केवळ सरपण विकणाऱ्याला त्याची गरज नाही. गोल ओंडके चिरून द्यायचा व्यवसाय करायचा असेल तर तो आरागिरणीच्या परवान्याचा विषय होतो, हेही ध्यानात ठेवावे.

आता जाहिरात. गूगल नकाशावर धंद्याची नोंद विनामूल्य होते. आम्हाला खातरजमेसाठी जागेचा आणि यंत्रांचा व्हिडिओ पाठवावा लागला. वर्णनात आम्ही सरपण, लाकूडफाटा, बंबाचे लाकूड, फायरवूड, कॅम्पफायर असे सगळे शब्द घातले, कारण गावातला माणूस एक शब्द शोधतो आणि पुण्याहून आलेला पर्यटक दुसरा. होमस्टेवाल्यांचे बहुतेक फोन या नोंदीवरूनच आले. एका समाजमाध्यमावर पैसे देऊन जाहिरात चालवली, तिला पसंती विदर्भापासून मिळाली आणि गिऱ्हाईक एकही मिळाले नाही. सरपण पंचवीस-तीस किलोमीटरच्या पलीकडे नेले की टेम्पोचे भाडे मालावर चढते, त्यामुळे दूरच्या पसंतीचा आम्हाला उपयोगच नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमधला कॅटलॉग मात्र फार कामाचा आहे. प्रसारण यादीतला (ब्रॉडकास्ट लिस्टमधला) संदेश फक्त आपला नंबर जतन केलेल्यांनाच पोहोचतो आणि एका यादीत 256 जण बसतात, म्हणून आम्ही प्रत्येक पावतीवर नंबर जतन करण्याची विनंती छापली आहे.

खरा फरक पडला तो एका फोटोने. चिरफळी गिऱ्हाइकासमोर पुन्हा फोडायची, नव्याने उघडलेल्या आतल्या बाजूत मॉइश्चर मीटरच्या दोन सुया रोवायच्या, आणि आकडा स्पष्ट दिसेल असा जवळून फोटो काढून त्या दिवशीच्या तारखेसह टाकायचा. बाहेरच्या बाजूला किंवा टोकाला मोजले तर आकडा खोटा कमी येतो, म्हणून ती काळजी आम्ही कटाक्षाने घेतो. हे मीटर कोरड्या लाकडाच्या वजनाशी तुलना करून आकडा दाखवते, त्यामुळे मीटरवरचे 25 म्हणजे एकूण वजनातले 20 टक्के. हेही आम्ही फोटोखाली लिहितो. एप्रिलमध्ये आमचा माल मीटरवर 18 ते 20 दाखवत होता. ऑगस्टमध्ये, छपराखाली चारी बाजूंनी मोकळा रचलेला असूनही, तोच माल 22-23 वर गेला. तेव्हा आम्ही तोच आकडा टाकला. हेदवीच्या एका होमस्टेच्या काकूंनी फोन करून सांगितले, “वहिनी, तुमचं लाकूड फुरफुरत नाही हो, लगेच धरतं.” ओले लाकूड चुलीत टोकाकडून फेस काढत फुरफुरते, हे ज्यांनी सोसले आहे त्यांनाच या वाक्याचे मोल कळेल.

विक्री आम्ही वजनावर न करता पिंजऱ्यावर करतो. वजनावर विकले तर ओल्या लाकडाचे जास्त पैसे होतात आणि वाळवणारा तोट्यात जातो. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच असा लोखंडी पिंजरा, म्हणजे 27 घनफूट, हेच आमचे माप, आणि कॅटलॉगमध्ये भरलेल्या पिंजऱ्याचाच फोटो आहे. सरपणावर जीएसटी नाही, त्यामुळे पावती साधीच राहते.

माल कुठून आला हे सांगणेही जाहिरातीचाच भाग आहे. आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडे 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत आणि ती तोडायला आधी परवानगी लागते. आम्ही उभे झाड तोडून घेत नाही. बागायतदाराचे नाव आणि छाटणीचा फोटो ठेवतो, आणि टेम्पो भरण्याआधी वाहतुकीच्या पासाबद्दल वन कार्यालयात विचारून घेतो. मुंबईच्या बेकऱ्यांकडे माल पाठवण्याचा सल्ला पुष्कळांनी दिला, परंतु जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे निर्देश दिल्यानंतर त्या बाजारावर भांडवल लावणे आम्हाला पटत नाही.

येत्या हंगामासाठी दीरांच्या मनात रंधा मशीन आहे, पाट हाताने रंधण्यात फार वेळ जातो म्हणून. माझे म्हणणे असे की आधी वाळवणीचे छप्पर दुप्पट लांब करावे आणि खाली चिऱ्यांचा थर घालावा, कारण गेल्या जुलैत आमच्याकडे मागणी होती आणि वाळलेला माल संपला होता. छपराचे पत्रे सांगून ठेवले आहेत.