कोकेरची पेटी, लातूरचा टीव्ही

आधी निकाल सांगून टाकते, मग ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचावं. चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीने २०१९ मध्ये काढलेला, इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामींच्या तीन चित्रपटांचा ‘कोकेर त्रयी’ हा ब्ल्यू-रे (डीव्हीडीच्या पुढची डिस्क) संच घेण्यासारखा आहे. फक्त संच घेतला की खर्च संपला असं समजू नका, तिथून तो सुरू होतो. ब्ल्यू-रे काढणाऱ्यांनी जगाची तीन भागांत वाटणी करून ठेवली आहे. अमेरिका ‘ए’, युरोप ‘बी’ आणि आपण रशिया-चीनबरोबर ‘सी’. ही पेटी ‘ए’ची. आपल्याकडच्या साध्या प्लेअरमध्ये डिस्क घातली तर ती आत जाते, गरगर फिरते आणि चालत नाही.

म्हणजे सगळ्या विभागांच्या डिस्क घेणारा, रीजन-फ्री प्लेअर हवा. लातुरात मी चौकशी केली तेव्हा दुकानदार माझ्याकडे बघून हसलाच. “ताई, आता डिस्क कोण बघतंय? मोबाइल जोडा टीव्हीला.” शेवटी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळाला. पेटी भाच्याने न्यू जर्सीहून आणली, तीही निम्म्या किमतीच्या सेलमध्ये. क्रायटेरियनचे असे सेल वरचेवर लागतात, तेव्हा पूर्ण किंमत मोजून घेण्याचा वेडेपणा करू नका. तुमचा कोणीतरी तिकडे असेलच, लातूर-नांदेडचं पोरगं नाही असं अमेरिकेत गाव उरलेलं नाही.

आता पेटीत काय आहे ते. तीन चित्रपट : ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’ (१९८७, ८३ मिनिटं), ‘अँड लाइफ गोज ऑन’ (१९९२, ९५ मिनिटं) आणि ‘थ्रू द ऑलिव्ह ट्रीज’ (१९९४, १०३ मिनिटं). तिन्ही उत्तर इराणमधल्या कोकेर नावाच्या खेड्यात आणि त्याच्या आसपास घडतात. ‘त्रयी’ हे नाव इतरांनी दिलेलं, खुद्द किआरोस्तामींना ते फारसं मान्य नव्हतं. मागचे दोन आणि त्यानंतरचा ‘टेस्ट ऑफ चेरी’ अशी जोडणी जास्त बरोबर होईल, असं ते म्हणत. पण पेटी विकायची तर नाव लागतं.

पहिल्या चित्रपटाची गोष्ट एका ओळीत सांगता येते. अहमद नावाच्या मुलाकडून शेजारी बसणाऱ्या मित्राची वही चुकून घरी येते. मास्तरांनी दम दिलेला असतो की पुन्हा गृहपाठ वहीत केला नाहीस तर शाळेतून काढीन. म्हणून हा पोरगा वही द्यायला डोंगरापलीकडच्या गावाला पळत सुटतो. मित्राचं घर कुठे आहे ते त्याला माहीत नाही. बस्स. यात खलनायक नाही. आहेत ती ऐकून न घेणारी मोठी माणसं. आई धुणं धूत, बाळाला झोके देत एकच सांगत राहते, अभ्यास कर, भाकरी आण. आजोबा त्याला सिगारेट आणायला पिटाळतात, आणि मग शेजारच्या म्हाताऱ्याला सांगतात की सिगारेट तर माझ्याकडे आहेत, पोराला वळण लागावं म्हणून पाठवलं. त्यांचा बाप म्हणे त्यांना आठवड्याला एक पैसा द्यायचा आणि पंधरवड्याला एक मार. पैसा द्यायचा कधीकधी विसरायचा, मार कधी विसरला नाही. हे ऐकताना आमच्या घरात जो हशा झाला तो थोडा कडवटच होता. असे आजोबा कुणाच्या घरात नव्हते?

हा चित्रपट मी पूर्वी एका फिल्म क्लबच्या खेळात पाहिला होता, प्रोजेक्टरवर, कुठूनतरी मिळवलेल्या कॉपीवरून. उत्तरार्धात अंधार पडतो आणि एक म्हातारा सुतार अहमदला वाट दाखवत गल्लीबोळांतून नेतो. त्या वेळी पडद्यावर नुसता काळा लगदा दिसला होता. आवाजावरून ओळखायचं की माणसं चालतायत. या संचात तिन्ही चित्रपटांचं २के डिजिटल पुनरुज्जीवन (म्हणजे जुनी फिल्म बारकाव्यांसह संगणकावर उतरवून साफ करणं) केलेलं आहे आणि त्याचा खरा हिशेब याच प्रसंगात लागतो. घरांच्या जाळीदार, रंगीत काचांच्या खिडक्यांमधून आतल्या दिव्यांचा उजेड समोरच्या भिंतीवर पडलाय, त्या नक्षीतून म्हातारा आणि पोरगा पुढे सरकतायत. म्हातारा सांगतोय, ही खिडकी मी केली, ते दार मी केलं, आता लोक लोखंडी दारं बसवतायत. अंधार अंधारच आहे, पण त्याच्यात भिंतीचा पोपडा दिसतो. मी तो प्रसंग मागे नेऊन परत पाहिला. चित्र कृत्रिम गुळगुळीत केलेलं नाही, फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातला तो मूळचा बारीक रवाळपणा, जागच्या जागी आहे. ज्यांना प्रत्येक जुना चित्रपट कालच मोबाइलवर काढल्यासारखा हवा असतो, त्यांना हे आवडणार नाही.

इथून पुढे मी तटस्थ राहणार नाही. २१ जून १९९० रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, याच भागात ७.४ तीव्रतेचा भूकंप झाला. तीस-चाळीस हजारांवर माणसं गेली. पहिल्या चित्रपटात काम केलेली ती दोन मुलं जिवंत आहेत का, हे बघायला किआरोस्तामी आपल्या मुलाला घेऊन गाडीने तिकडे गेले. त्या प्रवासावरून काही महिन्यांनी त्यांनी दुसरा चित्रपट काढला. त्यात एक दिग्दर्शक आणि त्याचा लहान मुलगा जुन्या पिवळ्या रेनोमधून ढिगाऱ्यांच्या रस्त्याने कोकेरकडे निघालेत.

माझी आई औसा तालुक्यातली, माहेर किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती बुडवून लोक नुकते झोपलेले. आकडे आम्हाला पाठ आहेत. दहा हजारांच्या आसपास माणसं मेली ती भूकंपाने कमी आणि माळवदांनी जास्त. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर लाकडांवर वर्षानुवर्षं टाकत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात थंडगार आणि त्या पहाटे थडगं. त्यामुळे हा चित्रपट आईला दाखवावा की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. तीच म्हणाली, “लाव गं. बघू तरी त्यांचं कसं झालं ते.”

आईला इंग्रजी येत नाही. डिस्कवर सबटायटल इंग्रजीच आहेत, दुसरी कुठलीच नाहीत. सबब मी शेजारी बसून मोठ्याने मराठीत सांगत गेले. किआरोस्तामींच्या चित्रपटात हे जमतं, कारण माणसं एकमेकांचं बोलणं तीन-तीनदा विचारतात. उगाच बोलणाऱ्या एखाद्या फ्रेंच चित्रपटाला हे करून बघा, घसा बसेल.

आईला रडू येईल अशी माझी तयारी होती. ती हसली, आणि ते एका म्हाताऱ्याला. पहिल्या चित्रपटात काम केलेले रूहीबाबा दिग्दर्शकाला वाटेत भेटतात तेव्हा त्यांच्या हातात चिनीमातीचं संडासाचं भांडं असतं. एवढा भूकंप झालाय आणि तुम्ही हे काय घेऊन निघालात, असं विचारल्यावर त्यांचा मुद्दा सरळ आहे : गेले ते गेले, जे उरलेत त्यांना हे लागणारच. आई म्हणाली, “खरं हाय की.” आणि मग मला कधीही न सांगितलेलं सांगू लागली. माझ्या थोरल्या मामाने ढिगाऱ्यातून पहिली कुठली वस्तू काढली असेल, तर पत्र्याची पेटी. सातबारा, रेशनकार्ड आणि मामीचं एक नवं लुगडं. मामा तीन दिवस त्या पेटीवर बसून होता. जेवायला उठायचा आणि परत येऊन बसायचा. लष्कराच्या जवानांनी उठवायचा प्रयत्न केला, तरी हा तिथेच.

रूहीबाबांचं गाऱ्हाणं आणखी एक आहे आणि माझ्या मते अख्ख्या पेटीतला तो सर्वांत प्रामाणिक क्षण आहे. पहिल्या चित्रपटात मला उगाच म्हातारं दाखवलं, पाठीला कुबड लावलं, असं ते म्हणतात. आपण ज्या घरात बसलोय ते माझं नाहीच, चित्रपटवाल्यांनी दिलेलं आहे, माझं खरं घर पडलं, हेही सांगून टाकतात. दिग्दर्शक स्वतःच्याच चित्रपटात स्वतःची लबाडी उघडी पाडतो. आपल्याकडे आपत्तीवर केलेल्या माहितीपटांत मागून बासरी वाजते आणि कॅमेरा हळूहळू एका एकट्या चपलेवर जातो. इथे एक बाई ढिगाऱ्यातून सतरंजी ओढून काढायला मदत मागते आणि आपला नायक पाठदुखीचं कारण सांगून निघतो. ते मला जास्त खरं वाटलं. लातुरातून किल्लारीला ‘बघायला’ गेलेल्या किती लोकांनी नेमकं हेच केलं होतं!

आणि अँटेना. भूकंपाच्या रात्री फुटबॉल विश्वचषकातला ब्राझील-स्कॉटलंड सामना होता, पोरांच्या बोलण्यात तो सारखा येतो. पुढे तंबूंच्या वस्तीत एक माणूस टेकाडावर टीव्हीची अँटेना उभी करतोय. घरातली माणसं गेलीत, तरी करतोय. दिग्दर्शक त्याला विचारतो की अशा वेळी सामना बघणं बरं दिसतं का. तो म्हणतो, काय करणार, विश्वचषक चार वर्षांनी येतो. या प्रसंगावर काही समीक्षक पानंच्या पानं लिहितात. आईने एका वाक्यात विषय संपवला, “मग रात्री करायचं तरी काय माणसानं?”

तिसरा चित्रपट आईने अर्धा पाहिला आणि झोपायला गेली. तिला दोष देत नाही. दुसऱ्या चित्रपटात एक नवं जोडपं दिसतं, भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी लग्न केलेलं. तिसऱ्यात तोच छोटासा प्रसंग चित्रित कसा झाला ते दाखवलंय. नवऱ्याचं काम करणारा हुसेन गवंडीकाम करणारा, निरक्षर मुलगा आहे आणि बायकोचं काम करणाऱ्या ताहेरेवर त्याचा खराच जीव आहे. ती त्याच्याशी एक शब्द बोलत नाही, कारण त्याला घर नाही. हुसेनचं म्हणणं, घर असणाऱ्यांनी बिनघरवाल्यांशी लग्न करावं, शिकलेल्यांनी अडाण्यांशी, म्हणजे एकमेकांना मदत होईल. हे तो इतक्या गंभीरपणे पटवून देतो की आपल्याकडच्या वधू-वर मेळाव्यात त्याला माइक द्यावासा वाटतो. एकच शॉट पुन्हा पुन्हा घेतला जातो. तिने नवऱ्याला आदराने हाक मारायची आहे आणि ती मारतच नाही, कारण आताच्या मुली असं म्हणत नाहीत. भूकंपात नातलग किती गेले या संवादात हुसेन दिग्दर्शकाचा आकडा सोडून स्वतःचा खरा आकडा सांगत राहतो. मला हा चित्रपट आवडतो, पण पहिले दोन न बघता थेट इथे आलात तर मधेच फोन हातात घ्याल. पहिल्या चित्रपटातली ती दोन मुलं इथे मोठी झालेली दिसतात. दुसऱ्या चित्रपटात न दिलेलं उत्तर इथे, काही गाजावाजा न करता, मिळतं.

तीन चित्रपटांखेरीज पेटीत जो जादा माल आहे, त्यात दोन गोष्टी दमदार आहेत. एक, दुसऱ्या चित्रपटावरचं मेहरनाझ सईद-वफा आणि जोनाथन रोझेनबॉम या अभ्यासकांचं, चित्रपट चालू असताना ऐकायचं समालोचन. ती इराणी, तो अमेरिकन, त्यामुळे गावातल्या चालीरीती तिच्याकडून कळतात आणि कॅमेऱ्याचं त्याच्याकडून. दुसरी, ‘होमवर्क’ हा १९८९चा पूर्ण लांबीचा माहितीपट. तेहरानच्या एका शाळेतली पोरं एकेक करून कॅमेऱ्यासमोर येतात आणि गृहपाठाबद्दल बोलतात. शिक्षा म्हणजे काय हे जवळजवळ सगळ्यांना माहीत आहे, पट्ट्याने मारणं. शाबासकी म्हणजे काय, हे विचारल्यावर कितीतरी जण गप्प. माझ्या सोसायटीतल्या क्लासवाल्या सरांना हा दाखवायची फार इच्छा आहे. पेटीतल्या पुस्तिकेतला समीक्षक गॉडफ्रे चेशायर यांचा लेख चांगला आहे, मात्र चित्रपट पाहून झाल्यावर वाचा. बाकीच्या मुलाखती ठीक, त्यात पुनरुक्ती बरीच.

मग हे सगळं ओटीटीवर दोनशे रुपयांत मिळत नाही का? कधी मिळतं, कधी हक्क संपले की निघून जातं. समालोचन आणि ‘होमवर्क’ तिथे एकत्र मिळेल याची खात्री नाही. वर्षातून एखादाच परदेशी चित्रपट बघत असाल तर एवढ्या खटाटोपात पडू नका, महोत्सवाचा पास काढा. पण ज्यांचं घर ३० सप्टेंबरला पडलं किंवा ज्यांच्या आईचं पडलं, त्यांनी निदान दुसरा चित्रपट तरी कसाही करून मिळवावा. लातुरात कोणाला बघायचा असेल तर रविवारी दुपारी आमच्याकडे या, चहा आई करते आणि भाषांतर मी. पेटी मात्र घरी नेऊ देणार नाही. नेऊन करणार काय, प्लेअर तर माझ्याकडेच आहे.