‘सबफ्लोर तपासला’ असे लिहून दिलेल्या घराची गोष्ट

सिडनीच्या उत्तरेला, हॉर्न्सबीच्या पुढे, बेरोरा व्हॅलीच्या जंगलाला लागून असलेल्या एका उपनगरात आम्ही घर घेतले. १९६०च्या दशकातले, दगडी खांबांवर उचललेले (खालच्या पोकळीला येथे सबफ्लोर म्हणतात) आणि लाकडी तुळयांचे असे ते घर असून मागच्या कुंपणापलीकडे थेट निलगिरीचे रान सुरू होते. घेण्यापूर्वी इमारतीची आणि किडीची, म्हणजे मुख्यतः वाळवीची, अशा दोन्ही तपासण्या पैसे मोजून करून घेतल्या होत्या. तरीही फसलो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

किंमत सोळा लाख डॉलरला ठरली आणि करारावर सह्या झाल्या. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, लिलावाबाहेर घर घेतले, तर सामान्यतः कामकाजाच्या पाच दिवसांत माघार घेता येते. त्यासाठी किमतीच्या ०.२५ टक्के, म्हणजे आमच्या बाबतीत ४,००० डॉलर, सोडावे लागतात. (लिलावात घेतलेल्या घराला ही सवलत नाही.) या पाच दिवसांत तपासणी उरकायची होती. मी दोन ठिकाणी चौकशी केली, तेव्हा साडेसहाशेच्या आसपास दर सांगण्यात आला आणि वेळ पुढच्या आठवड्यातली मिळत होती. एजंट म्हणाला, “कशाला थांबता? आमचा नेहमीचा माणूस उद्या सकाळीच जाईल आणि तुमच्यासाठी चारशेत करेल.” सोळा लाखांच्या व्यवहारात अडीचशे डॉलर वाचल्याचा मला आनंद झाला, हे आज लिहितानाही लाज वाटते. विकणाऱ्याच्या एजंटचा ‘नेहमीचा माणूस’ पुढच्या कामासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहणार, हा साधा प्रश्न त्या दिवशी मनात आला नाही.

तपासणी दहा वाजता होती. मी दहाला दहा कमी असताना पोहोचलो, तर हा गृहस्थ शिडी गाडीत चढवत होता. “लवकर आलो, लवकर आटपले, घर ठणठणीत आहे,” असे म्हणून तो निघून गेला. त्याच्या पँटच्या गुडघ्यांवर मातीचा डागसुद्धा नव्हता. पण ते मला नंतर आठवले. संध्याकाळी बेचाळीस पानांचा अहवाल आला. त्यातली निम्म्याहून अधिक पाने जबाबदारी झटकणारी होती, आणि मधोमध एक ओळ होती : सबफ्लोर तपासला, वाळवीचा पुरावा आढळला नाही. शेजारी सबफ्लोरच्या पोकळीतला एक फोटोही होता. फोटो आहे म्हटल्यावर मी पुढचे पान उलटले.

ताबा घेतल्यानंतर आठव्या महिन्यात, पावसाच्या एका ओल्या आठवड्यात, पत्नी व्हॅक्यूम फिरवत असताना त्याचे तोंड स्कर्टिंगवर आपटले आणि आत गेले. लाकूड नव्हतेच; रंगाचा पापुद्रा तेवढा उभा होता, आणि मागे ओली माती व वळवळणाऱ्या पांढुरक्या अळ्यांसारखी वाळवी. माझे वडील सावंतवाडीच्या घरात पावसाळा संपला की प्रत्येक वासा बोटाच्या पेराने वाजवून पाहत असत. त्यांच्या मुलाने आयुष्यातले सर्वांत महागडे घर एकही लाकूड न वाजवता घेतले.

दुसरा तपासनीस आम्ही स्वतः शोधला. तो तीन तास घरात होता. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्याने दारांच्या चौकटी ठोकल्या, ओलावा मोजण्याचे यंत्र आणि उष्णता दाखवणारा कॅमेरा फिरवला, आणि मग लाँड्रीच्या मागच्या बाजूला, सबफ्लोरमध्ये शिरण्याच्या प्लायवूडच्या झाकणापाशी मला बोलावले. झाकण आणि चौकट यांच्या फटीवरून, चारही स्क्रूंच्या डोक्यांवरून रंगाचा अखंड थर गेला होता. “बोट फिरवून पाहा,” तो म्हणाला. मी फिरवले, कुठे चीर नव्हती. हा रंग विकणाऱ्याने घर बाजारात आणण्यापूर्वीचा, कारण आम्ही तिथे ब्रश लावला नव्हता. म्हणजे पहिला माणूस आत गेलाच नव्हता. अहवालातला फोटो पुन्हा उघडला, तर त्यातले खांब विटांचे होते आणि आमचे दगडी आहेत. तो फोटो दुसऱ्याच कोणाच्या घराचा होता.

आत शिरणे का महत्त्वाचे, ते त्या दुसऱ्या तपासनिसाने समजावून सांगितले. जुन्या घरांत खांब आणि तुळई यांच्यामध्ये पत्र्याची टोपी बसवलेली असते. ती वाळवीला अडवते असा सर्वसाधारण समज आहे, परंतु ती तसे करत नाही. वाळवीला पत्र्याच्या कडेवरून वळसा घालून बाहेरून यावे लागते आणि त्यामुळे तिची ये-जा करण्याची मातीची नळी उघड्यावर येते, इतकाच टोपीचा उपयोग. ती नळी कोणी टॉर्च घेऊन पाहिलीच नाही, तर टोपी असून नसून सारखीच. निलगिरीच्या बुंध्यात वारूळ करणारी ही जात जमिनीखालून पन्नास मीटर अंतरावरूनही येऊ शकते, त्यामुळे कुंपणाआतली झाडे काढली म्हणजे झाले, असेही नाही. आमच्या सहा खांबांवर नळ्या होत्या.

मग त्याने मीटरबॉक्स उघडला. येथे वाळवीविरोधी उपचार झाला की त्याची तारीख आणि औषध सांगणारी पट्टी सहसा मीटरबॉक्समध्ये लावतात. आतल्या बाजूला डिंकाचा एक स्वच्छ चौकोन होता, भोवतालची धूळ जिथे पोहोचली नव्हती असा. पट्टी कोणी काढली, हे सिद्ध करता येत नाही.

सर्वांत जास्त मन खाते ते वेगळेच. २०१६ पासून या राज्यात एजंटला घराच्या आधी झालेल्या तपासण्यांची नोंद ठेवून इच्छुकांना द्यावी लागते. आमच्या कराराच्या कागदांबरोबर तशी नोंद आली होती. आधीच्या एका गिऱ्हाइकाने केलेली तपासणी, आणि तो अहवाल विकत मिळेल असा शेरा. मी तो आता विकत घेतला. त्या अहवालाच्या तपासनिसाने झाकण उघडायची परवानगी मागितली होती, ती नाकारली गेली, आणि सबफ्लोर पाहिल्याशिवाय घर घेऊ नये असे त्याने स्पष्ट लिहिले होते.

दुरुस्ती आणि उपचार मिळून ३८,००० डॉलरचा खर्च आला. घराच्या विम्यात वाळवीचे नुकसान बसत नाही, तसे ते बहुतेक विम्यांत बसत नाही. फेअर ट्रेडिंगकडे, म्हणजे राज्याच्या ग्राहक संरक्षण खात्याकडे, तक्रार केली. विटांच्या खांबांचा फोटो समोर ठेवल्यावर पहिल्या तपासनिसाने ‘फोटो चुकून लागला’ असे सांगून ९,००० डॉलर देऊ केले आणि पुढे लढायची ताकद नसल्याने आम्ही ते घेतले. त्याच्याकडे व्यावसायिक जबाबदारीचा विमाच नव्हता. त्या विम्याचे प्रमाणपत्र आधी मागितले असते, तर तिथेच उलगडा झाला असता. कीटकनाशक मारणाऱ्याला येथे परवाना लागतो, घर तपासून अहवाल लिहिणाऱ्याला मात्र स्वतंत्र परवाना लागत नाही. तो गृहस्थ अजूनही याच भागात घरे तपासतो.