नेक्स्ट.जेएस की लारावेल? सोलापूरच्या कामांच्या हिशेबानं

नेक्स्ट.जेएस आणि लारावेल ही दोन्ही वेबसाइट बांधायची फ्रेमवर्क, म्हणजे तयार चौकटी: नेक्स्ट रिॲक्टवर (स्क्रीन बनवायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर) उभं, लारावेल पीएचपीवर. सोलापुरात येणारी वेबची कामं साधारण ठरलेली: टॉवेल-चादरीचा कॅटलॉग, डिस्ट्रिब्युटरचं ऑर्डर पॅनेल, हॉस्पिटलची अपॉइंटमेंट, मंगल कार्यालयाचं बुकिंग. यातल्या ऑर्डर, स्टॉक, बिल अशा कामांना माझं मत सरळ लारावेलला. नेक्स्ट वाईट आहे म्हणून नव्हे, त्याची दिशा आपल्या कामांपासून लांब चालली आहे म्हणून.

2016 साली नेक्स्ट आलं तेव्हा पेजेस फोल्डरमध्ये फाइल टाकली की पान तयार व्हायचं. नवीन पोराला एका दुपारीत समजायचं. ऑक्टोबर 2022 मध्ये 13व्या आवृत्तीत पानं रचायची नवी पद्धत, ॲप राउटर, आला, मे 2023 मध्ये तो स्टेबल जाहीर झाला आणि चिडचिड तिथून वाढली. समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदारानं सूत महागलं म्हणून 450 जीएसएमच्या बाथ टॉवेलचा दर ॲडमिनमध्ये बदलला. डेटाबेसमध्ये नवा दर, साइटवर जुनाच. कितीही रिफ्रेश करा. कारण 13 आणि 14 मध्ये फेच केलेलं उत्तर, तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर, आपोआप कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जाऊन बसायचं. ऑक्टोबर 2024 च्या 15 मध्ये नियम उलटा केला: आपोआप कॅश बंद. त्याच आवृत्तीत पॅराम्सलाही (पानाच्या पत्त्यातून येणाऱ्या माहितीला) अवेट, म्हणजे ‘मिळेपर्यंत थांब’, लावणं आलं. ऑक्टोबर 2025 च्या 16 मध्ये ‘यूज कॅश’ लिहून काय साठवायचं ते आपणच सांगायची नवी पद्धत आली. सुधारणा योग्यच आहेत, ते मान्य. पण तीन वर्षांत तीन नियम! आपल्याकडं कोड लिहिणारं पोरगं वर्ष-दीड वर्षात हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जातं, आणि मागं राहिलेल्याला यूट्यूबवर तिन्ही काळातले धडे एकत्रच सापडतात.

लारावेल 2011 पासून आहे. राउट, कंट्रोलर, ब्लेड (पानांचे साचे) हा गाभा ओळखीचाच राहिला आहे. दरवर्षी एक मोठी आवृत्ती येते, सुरक्षेचे पॅच दोन वर्षं मिळतात. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) लिहिताना हे तारखेनिशी सांगता येतं. खटकतं ते एवढंच की स्क्रीन फार हलती-बोलती हवी असली की ब्लेड तोकडं पडतं, मग इनर्शिया (लारावेल आणि रिॲक्ट जोडणारा दुवा) लावून रिॲक्ट घ्यावंच लागतं. आणि तिथंही सगळं सोवळं आहे असं नाही: 2024 मध्ये 5.7 कोटी डॉलरची गुंतवणूक आली, पाठोपाठ त्यांचं स्वतःचं क्लाउड होस्टिंगही. नेक्स्ट बनवणारी वर्सेल कंपनी होस्टिंगही विकते, म्हणून ती नेक्स्टला आपल्या होस्टिंगकडं ओढते असा जो आक्षेप घेतात, तो उद्या यांच्यावरही येऊ शकतो.

होस्टिंगचं थोडक्यात: लारावेल साध्या शेअर्ड होस्टिंगवर चालतं, क्यू (पडद्यामागं रांगेत चालणारी कामं) वगैरे आल्यावर मात्र व्हीपीएस (आपल्यापुरता वेगळा सर्व्हर) बरा. नेक्स्टही एका व्हीपीएसवर व्यवस्थित चालतं, ‘वर्सेलशिवाय चालतच नाही’ ही अतिशयोक्ती आहे. मात्र नेक्स्टचे सर्व्हर एकाचे दोन झाले की सामायिक कॅशची सोय आपली आपण करावी लागते.

सुरक्षेचं मात्र थोडक्यात सांगून भागत नाही. मार्च 2025 मध्ये, विनंतीसोबत एक हेडर पाठवून नेक्स्टच्या मिडलवेअरमधला (पान उघडण्याआधी चालणाऱ्या कोडमधला) लॉगिनचा पहारा ओलांडता येतो, असं उघड झालं. वर्सेलवरच्या साइट बचावल्या. ज्यांनी स्वतः होस्ट केलं होतं, त्यांना धावपळ करून पॅच लावावा लागला. डिसेंबर 2025 मध्ये रिॲक्ट सर्व्हर कंपोनंट्समध्ये (सर्व्हरवर चालणारे रिॲक्टचे भाग, ॲप राउटर यांवरच उभा आहे) 10 पैकी 10 गंभीरतेची त्रुटी निघाली, त्यात 15 आणि 16 चा ॲप राउटर सापडला. पेजेस फोल्डरची जुनी पद्धत, म्हणजे पेजेस राउटर, त्यातून सुटली. ज्या गिऱ्हाइकाकडं अपडेट करायला माणूसच नाही, त्याला हे ओझं का द्यायचं?

मग नेक्स्ट कुणी घ्यावं? हजारो पानं गुगलवर दिसायला हवीत, टीम रिॲक्टमध्ये मुरलेली आहे आणि देखभालीचे पैसे दरमहा येतात, त्यांनी खुशाल घ्यावं. पुण्यातल्या नोकरीच्या जाहिरातीत नेक्स्ट दिसतं म्हणून पोरांना ते शिकायचं असतं, तेही रास्त. पण त्यासाठी गिऱ्हाइकाचं प्रोजेक्ट वापरू नये.

नुसता कॅटलॉग असेल तर दोन्ही सोडा आणि ॲस्ट्रो हे फ्रेमवर्क बघा. तयार एचटीएमएल निघतं, कुठंही टाका. ऑर्डर पॅनेल लॉगिनच्या आतच असेल तर मागं लारावेल, पुढं व्हाइटवर (कोड बांधून देणाऱ्या साधनावर) रिॲक्ट, एवढं पुरे.

आणि पेजेस राउटरवर साइट आधीच नीट चालत असेल तर ॲप राउटरवर हलवायचं कोटेशन देऊ नका. पेजेसला आजही आधार आहे. आवृत्ती तेवढी तपासा. मिडलवेअरची त्रुटी जुन्या आवृत्त्यांमध्येही होती.